रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया बुलेटिन

रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया बुलेटिन (प्रचलित उल्लेख : आरबीआय बुलेटिन) हे भारताच्या मध्यवर्ती बँकेतर्फे प्रसिद्ध होणारे मासिक आहे. त्याचा पहिला अंक जानेवारी १९४७ मध्ये मुंबईहून निघाला. चलन, बँक व्यवसाय, परकीय चलन आणि किमती यांबरोबरच केंद्र व राज्य शासनांची आर्थिक स्थिती हा या मासिकाचा एक प्रमुख विषय आहे. राज्यांच्या अर्थसंकल्पांचा एकत्रित अभ्यास भारतात सर्वप्रथम सातत्याने सुरू झाला तो याच मासिकाच्या पानांवर.

शासकीय वित्तव्यवहारांवर लिहिणाऱ्या अन्य नियतकालिकांपेक्षा बुलेटिनची जागा वेगळी आहे. पत्रकार किंवा अभ्यासक शासनाचा जमाखर्च बाहेरून पाहतो. बुलेटिनचा प्रकाशक मात्र शासनाचा स्वतःचा बँकर आहे. शासनाचे खाते त्याच्याकडे असते, शासनाचे कर्जरोखे तोच विकतो आणि तिजोरीत खडखडाट झाला की तात्पुरती उचलही तोच देतो. खातेदाराचे व्यवहार गुप्त ठेवणे हा बँक व्यवसायातील जुना नियम आहे. खातेदार जर शासन असेल आणि पैसा जनतेचा असेल, तर हा नियम कोठे थांबतो, या प्रश्नाचे उत्तर पाऊणशे वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलत गेले. बुलेटिनच्या इतिहासाचा बराचसा भाग या बदलाचा आहे.

पार्श्वभूमी

रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३४ च्या अधिनियमान्वये १ एप्रिल १९३५ रोजी झाली. बँकेचे मध्यवर्ती कार्यालय प्रथम कोलकाता येथे होते. १९३७ मध्ये ते कायमचे मुंबईस आले. अधिनियमाच्या कलम २० नुसार केंद्र शासनाचे पैसे स्वीकारणे, त्याच्या वतीने पैसे देणे आणि सार्वजनिक कर्जाचे व्यवस्थापन करणे ही बँकेची जबाबदारी ठरली. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाल्यावर १ एप्रिल १९३७ पासून प्रांतांचीही स्वतंत्र खाती बँकेकडे उघडली गेली. कलम १७(५) अन्वये शासनाला तीन महिन्यांच्या आत परत करण्याच्या अटीवर तात्पुरती रक्कम देता येते. तिला अर्थोपाय अग्रिम म्हणतात. कर गोळा होण्याची वेळ आणि पगार देण्याची वेळ एकच नसते, एवढ्यासाठीच ही सोय आहे. पुढील सर्व वादांचे मूळ मात्र या साध्या सोयीतच सापडते.

बुलेटिन निघण्यापूर्वी बँकेची दोन प्रकाशने होती. एक म्हणजे कलम ५३ नुसार प्रसिद्ध करावे लागणारे साप्ताहिक विवरणपत्र. त्यात नोटा काढणाऱ्या विभागाचा आणि बँकिंग विभागाचा ताळेबंद असे. दुसरे म्हणजे १९३५-३६ पासूनचा चलन व वित्तविषयक वार्षिक अहवाल. पहिल्यात आकडे ताजे असत पण स्पष्टीकरण नसे. दुसऱ्यात स्पष्टीकरण असे, पण ते हाती पडेपर्यंत वर्ष सरलेले असे.

दुसऱ्या महायुद्धाने ही उणीव ठळक केली. ब्रिटनसाठी भारतात झालेल्या खरेदीचे पैसे रुपयांत चुकते केले जात होते आणि त्या रुपयांच्या मागे लंडनमधील स्टर्लिंग ठेवी उभ्या राहत होत्या. युद्ध संपले तेव्हा या ठेवी सतराशे कोटी रुपयांच्या घरात गेल्या होत्या. देशात चलन वाढले, महागाई वाढली, आणि शासनाच्या जमाखर्चाचा सामान्य माणसाच्या धान्याच्या भावाशी काय संबंध असतो हे सर्वांच्या अनुभवास आले. याच सुमारास, १९४५ मध्ये, बँकेने संशोधन व सांख्यिकी विभाग उभारला. मासिक काढण्यासाठी लागणारे मनुष्यबळ या विभागामुळे उपलब्ध झाले.

प्रारंभ

पहिला अंक निघाला तेव्हा चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे बँकेचे गव्हर्नर होते. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये या पदावर आले. ते बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होत. त्यांच्या कारकिर्दीतच १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. तोपर्यंत बँक भागधारकांच्या मालकीची होती. म्हणजे बुलेटिनची पहिली दोन वर्षे एका खाजगी मालकीच्या मध्यवर्ती बँकेचे मासिक म्हणून गेली, ही गोष्ट आज सहसा ध्यानात येत नाही.

मासिकाचे पहिले वर्ष शासकीय वित्ताच्या दृष्टीने विलक्षण धामधुमीचे होते. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही शासनांची बँकर होती. अविभाजित भारताच्या रोख शिलकीतील पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी रुपये आले. त्यांपैकी २० कोटी आधीच दिले गेले होते आणि उरलेल्या ५५ कोटींवरून जानेवारी १९४८ मध्ये मोठा राजकीय वाद झाला. शासनाची ‘रोख शिल्लक’ ही एरवी हिशोबनिसांची बाब त्या महिन्यात देशभर चर्चेचा विषय बनली.

देशमुख १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देईपर्यंत त्या पदावर राहिले. ज्यांच्या काळात बँकरचे मासिक सुरू झाले, तेच पुढे त्या बँकेच्या सर्वांत मोठ्या खातेदाराच्या तिजोरीचे प्रमुख झाले.

राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास

१९५०-५१ पासून बुलेटिनमध्ये राज्यांच्या वित्तस्थितीवर दरवर्षी लेख येऊ लागला. या प्रघाताचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती पाहावी लागते. राज्यघटना नुकतीच अमलात आली होती. जुने ब्रिटिश प्रांत, विलीन झालेली संस्थाने आणि संस्थानांचे संघ असे निरनिराळ्या घडणीचे घटक एका चौकटीत आले होते. संस्थानांच्या तिजोऱ्या, त्यांचे हिशोब ठेवण्याचे प्रकार आणि काही ठिकाणी चलनही वेगळे होते. निजामाच्या हैदराबाद राज्यात, म्हणून मराठवाड्यातही, हाली सिक्का चालत असे आणि सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा त्याचा दर होता. संस्थानांच्या वित्तीय एकीकरणासाठी व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाया घातला आणि १ एप्रिल १९५० पासून हे एकीकरण अमलात आले. पहिला वित्त आयोग क्षितीशचंद्र नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नोव्हेंबर १९५१ मध्ये नेमला गेला. केंद्राच्या करांतील वाटा कोणाला किती, हे ठरवण्यासाठी राज्यांची तुलना करणे आता अपरिहार्य होते. आणि तुलना करायची तर सर्वांचे आकडे एका साच्यात बसवणे आवश्यक होते.

बुलेटिनमधील लेखांनी हे किचकट काम अंगावर घेतले. राज्याच्या अर्थसंकल्पात प्रत्येक रकमेचे तीन अवतार असतात. येणाऱ्या वर्षासाठी मांडलेला तो अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्ष संपत आले असता दुरुस्त केलेला तो सुधारित अंदाज, आणि हिशोब पूर्ण झाल्यावर हाती येणारा तो प्रत्यक्ष आकडा. तिसऱ्या आकड्यासाठी साधारणपणे दोन वर्षे थांबावे लागते. अर्थसंकल्पाच्या दिवशी वर्तमानपत्रांत गाजतो तो पहिला आकडा. राज्याची खरी प्रकृती कळते ती तिसऱ्यावरून. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की कोणते राज्य उत्पन्नाचे अंदाज फुगवून मांडते आणि वर्षअखेरीस भांडवली खर्चाला कात्री लावते, हे वाचकाला स्वतःच पाहता येते. वार्षिक अभ्यासाचा खरा उपयोग येथेच आहे, आणि तो वाचकाने स्वतः तक्ते वाचण्याची तसदी घेतली तरच होतो.

१ एप्रिल १९७४ पासून शासकीय लेख्यांची शीर्षे बदलली. त्यापूर्वी खर्च मुख्यतः तो कोणत्या खात्याने केला यानुसार नोंदवला जाई. नव्या पद्धतीत तो कोणत्या कार्यासाठी झाला यावर भर आला. त्यामुळे १९७४ च्या आधीची आणि नंतरची आकडेवारी सरळ जोडता येत नाही. दीर्घकालीन अभ्यास करणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो.

राज्यांच्या वित्तस्थितीवरील हा लेख वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस बुलेटिनमधून बाहेर पडून ‘राज्य वित्त : अर्थसंकल्पांचा अभ्यास’ या स्वतंत्र वार्षिक ग्रंथाच्या रूपात येऊ लागला. अलीकडच्या काळात प्रत्येक वर्षाच्या अंकाला एक विषय दिला जातो. २०२२-२३ च्या अंकाचा विषय राज्यांद्वारे होणारी भांडवलनिर्मिती हा होता, तर २०२३-२४ च्या अंकात राज्यांची महसूल उभारण्याची क्षमता तपासली गेली.

शुक्रवारचे विवरणपत्र आणि तुटीचा अर्थ

केंद्र शासनाच्या बाबतीत बुलेटिनमधील सर्वाधिक परिणामकारक रकाना ‘रिझर्व्ह बँकेचा शासनास निव्वळ पतपुरवठा’ हा ठरला. त्यामागील हकिगत थोडी विस्ताराने सांगावी लागते.

१९५५ मध्ये शासन आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक समझोता झाला. केंद्र शासनाची बँकेतील शिल्लक शुक्रवारी किमान ५० कोटी रुपये आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये असावी, असे ठरले. शिल्लक त्याखाली गेली की शासन ९१ दिवसांच्या मुदतीचे तदर्थ ट्रेझरी बिल काढी, बँक ते स्वीकारी आणि तेवढी रक्कम खात्यात जमा होई. संसदेची किंवा बाजाराची परवानगी लागत नसे. साप्ताहिक विवरणपत्र शुक्रवारच्या स्थितीचे असल्याने शुक्रवारचा आकडा महत्त्वाचा होता. तात्पुरती म्हणून केलेली ही व्यवस्था बेचाळीस वर्षे टिकली. एक बिल फिटण्याऐवजी त्याच्या जागी दुसरे येई. साचलेली बिले वेळोवेळी दीर्घ मुदतीच्या विशेष रोख्यांत बदलली जात. १९७४ पासून या बिलांवरील व्याजदर ४.६ टक्क्यांवर स्थिर ठेवण्यात आला. बाजारातील व्याज कितीही वाढले तरी शासनाला हा पैसा त्याच दराने मिळत राहिला. हा पैसा नव्याने निर्माण झालेला असल्याने त्याचा भार महागाईच्या रूपाने सर्वांवर पडत असे.

अर्थसंकल्पीय भाषणात सांगितली जाणारी ‘तूट’ मात्र यापेक्षा लहान दिसे. तिच्यात ट्रेझरी बिलांतील वाढ आणि रोख शिलकीतील घट एवढेच मोजले जाई. रिझर्व्ह बँकेने विकत घेतलेले दीर्घ मुदतीचे कर्जरोखे त्यात येत नसत. उलट, बँकांनी किंवा जनतेने घेतलेली ट्रेझरी बिले तुटीत धरली जात, जरी त्यांमुळे नवा पैसा निर्माण होत नसे. सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८५ च्या अहवालात या मोजमापातील दोष दाखवून दिला आणि रिझर्व्ह बँकेच्या पतपुरवठ्यातील निव्वळ वाढ हेच चलननिर्मितीचे खरे माप मानावे, अशी शिफारस केली. हा आकडा मध्यवर्ती बँकेच्या सांख्यिकीत आधीपासून छापला जात होता. अंकाच्या मागील पानांवरील एक रकाना धोरणाच्या चर्चेत पुढे आला तो असा.

पुढील पावले १९९१ च्या संकटानंतर पडली. सप्टेंबर १९९४ मध्ये मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना तदर्थ बिलांवर मर्यादा घालणारा करार झाला. १९९४-९५ साठी वर्षअखेरची मर्यादा ६,००० कोटी रुपये होती आणि सलग दहा कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ ९,००० कोटींच्या वर जायचे नाही, असे ठरले. १ एप्रिल १९९७ पासून ही पद्धत बंद झाली आणि केंद्रासाठीही मर्यादित मुदतीची अर्थोपाय अग्रिमे आली. शिल्लक तदर्थ बिले ४.६ टक्के व्याजाच्या विशेष रोख्यांत रूपांतरित करण्यात आली. वित्तीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्प व्यवस्थापन अधिनियम, २००३ मधील तरतुदीनुसार १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने शासनाचे नवे कर्जरोखे थेट शासनाकडून विकत घेणेही थांबवले. १९९७ पूर्वीचे अर्थसंकल्प वाचताना ‘अर्थसंकल्पीय तूट’ आणि आजची ‘राजकोषीय तूट’ यांची सरमिसळ होऊ न देणे आवश्यक आहे. जुनी संज्ञा आता वापरातून गेली आहे.

राज्यांची उचल

राज्यांना अर्थोपाय अग्रिमांची मर्यादा ओलांडता येते; तसे झाल्यास त्यास ओव्हरड्राफ्ट म्हणतात. अनेक राज्यांनी दीर्घकाळ ओव्हरड्राफ्टचा वापर कायमस्वरूपी कर्जासारखा केला आणि केंद्राला ती थकबाकी वारंवार निस्तरावी लागली. १९८५ मध्ये ओव्हरड्राफ्ट नियमन योजना लागू झाली. तिच्यानुसार सलग सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ ओव्हरड्राफ्ट राहिल्यास बँक त्या राज्याची देयके थांबवू शकते. ही मुदत पुढे चौदा दिवसांपर्यंत वाढली आणि एका तिमाहीत एकूण छत्तीस दिवसांची मर्यादा आली. करोना साथीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, ती तात्पुरती अनुक्रमे एकवीस आणि पन्नास दिवस करण्यात आली. सर्व राज्यांची मिळून अर्थोपाय अग्रिमांची मर्यादा १ जुलै २०२४ पासून ६०,११८ कोटी रुपये आहे.

राज्याची देयके थांबणे याचा अर्थ शिक्षकांचा पगार, ठेकेदाराचे बिल आणि निवृत्तिवेतन एकाच वेळी अडकणे. म्हणून कोणत्या राज्याने किती दिवस उचल घेतली, ही माहिती संवेदनशील मानली जाते. आज बुलेटिनमध्ये ती राज्यवार तक्त्यात दरमहा छापली जाते : सरासरी रक्कम किती आणि महिन्यातील किती दिवस, अशा दोन रकान्यांत. शेजारच्या तक्त्यात राज्यांनी कर्जफेडीसाठी आणि दिलेल्या हमींसाठी बाजूला ठेवलेले निधी दिसतात. हे दोन तक्ते एकत्र वाचले असता राज्याच्या तिजोरीबद्दल जे समजते, ते विधिमंडळातील अनेक भाषणांतूनही हाती लागत नाही.

१९९७ पासून रिझर्व्ह बँक राज्यांच्या वित्त सचिवांच्या परिषदा भरवते. हमी, निवृत्तिवेतन आणि कर्जफेड निधी यांवरील अनेक तांत्रिक समित्या या परिषदांतून निघाल्या.

अंकाचे स्वरूप

अंकात सर्वसाधारणपणे पतधोरणाचे निवेदन, गव्हर्नर व डेप्युटी गव्हर्नरांची भाषणे, लेख आणि ‘चालू सांख्यिकी’ असे भाग असतात. ‘अर्थव्यवस्थेची स्थिती’ हा मासिक आढावा अलीकडे सर्वाधिक वाचला जाणारा भाग आहे. चालू सांख्यिकीत केंद्राच्या लेख्यांचा गोषवारा, केंद्र व राज्ये यांची एकत्रित जमा आणि खर्च, ट्रेझरी बिलांचे लिलाव, राज्यांची बाजारातील कर्जउभारणी आणि शासकीय रोखे कोणाच्या मालकीचे आहेत याचे तक्ते असतात. शेवटचा तक्ता विशेष बोलका आहे. बँकांमधील ठेवी, विमा कंपन्यांचे हप्ते आणि भविष्य निर्वाह निधी यांतून सामान्य कुटुंबेच शासनाला कर्ज देत असतात, हे त्यातून स्पष्ट होते. मासिकाला साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीची जोड आहे; ती शुक्रवारी प्रसिद्ध होते. बुलेटिन इंग्रजी व हिंदी भाषांत निघते आणि बँकेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असते.

मते आणि खुलासे

पूर्वी लेख बहुधा विभागाच्या नावाने येत आणि ते बँकेचेच मत समजले जाई. आता लेखकांची नावे असतात आणि लेखातील मते बँकेची असतीलच असे नाही, अशी तळटीप असते. ही तळटीप किती वजन पेलू शकते, याची परीक्षा २०२२ मध्ये झाली. ऑगस्टच्या अंकातील एका लेखात सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे मोठ्या प्रमाणावर एकदम खाजगीकरण करण्याचे धोके मांडले होते. शासनाचे घोषित धोरण त्याच्या विरुद्ध दिशेचे असल्याने लेखाची बातमी झाली आणि १९ ऑगस्ट २०२२ रोजी बँकेने, ही मते लेखकांची आहेत, बँकेची नाहीत, असा जाहीर खुलासा केला.

त्याच वर्षी जूनच्या अंकातील राज्यांच्या वित्तीय जोखमीवरील लेख अधिक दूरवर पोहोचला. श्रीलंकेतील आर्थिक अरिष्टाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या या लेखात बिहार, केरळ, पंजाब, राजस्थान आणि पश्चिम बंगाल ही राज्ये विशेष तणावाखाली असल्याचे म्हटले होते. मोफत सवलती, वीज वितरण कंपन्यांचा तोटा आणि काही राज्यांनी जुन्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळणे, ही त्यामागची कारणे सांगितली होती.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्यसेवेत आलेल्यांना जुनी योजना लागू नाही. ती परत मिळावी यासाठी राज्य कर्मचारी व शिक्षकांनी मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप केला. त्यानंतर सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमध्ये, जुन्या योजनेकडे परतण्याच्या खर्चाचे मूल्यमापन आले. सर्व राज्ये परतली तर एकूण भार नव्या योजनेच्या सुमारे साडेचारपट होऊ शकतो आणि २०६० पर्यंत अतिरिक्त वार्षिक बोजा स्थूल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. शासनांनी या आकड्यांचा आधार घेतला. कर्मचारी संघटनांचा मुद्दा वेगळा होता : बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असलेले निवृत्तिवेतन म्हातारपणी पुरेल याची खात्री काय? लेखातील हिशोब तिजोरीच्या बाजूचा होता. निवृत्त कर्मचाऱ्याच्या घरचा हिशोब त्याच्या कक्षेत नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवर एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारण्याचा निर्णय घेतला.

तिसरा स्तर : महानगरपालिका आणि पंचायती

७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनंतरही स्थानिक स्वराज्य संस्थांचे जमाखर्च बराच काळ राष्ट्रीय पातळीवर एकत्र दिसत नव्हते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये महानगरपालिकांच्या वित्तस्थितीवर पहिला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०१ महानगरपालिकांच्या २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या अर्थसंकल्पांचे संकलन होते. नोव्हेंबर २०२४ च्या दुसऱ्या अहवालात ही संख्या २३२ झाली आणि स्वतःच्या उत्पन्नाचे स्रोत हा त्याचा विषय होता. महाराष्ट्रात हा विषय जकातीच्या आठवणीशी जोडलेला आहे. जकात आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर हे महानगरपालिकांचे हक्काचे उत्पन्न होते. मुंबईत जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत सुरू होती. त्यानंतर महानगरपालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर विसंबू लागल्या.

जानेवारी २०२४ मध्ये पंचायती राज संस्थांच्या वित्तस्थितीवरील अहवाल आला. त्यातील एक आकडा वारंवार उद्धृत होतो : २०२२-२३ मध्ये पंचायतींचे एकूण उत्पन्न ३५,३५४ कोटी रुपये होते आणि त्यांपैकी स्वतःच्या करांतून आलेले केवळ ७३७ कोटी. उरलेल्याचा बहुतांश भाग केंद्र व राज्यांच्या अनुदानाचा होता.

देशभराच्या या बेरजेत एखादे गाव कसे हरवते, हे पालघर जिल्ह्यात पाहता येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्यात वसई-विरार ही महानगरपालिका असल्याने ती नागरी अहवालाच्या कक्षेत येते. पालघर आणि डहाणू येथे नगरपरिषदा आहेत. महानगरपालिकांपुरत्या मर्यादित अहवालात त्यांना स्थान नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे शहराचे रूप आलेल्या बोईसरचा कारभार दीर्घकाळ ग्रामपंचायतीकडेच राहिला. त्याच परिसरातील कुंभवलीसारखे कारखान्यांच्या शेजारचे गाव आणि जव्हार-मोखाड्यातील डोंगरपाडे यांच्या करक्षमतेत जमीनअस्मानाचे अंतर असते, पण राज्यवार सरासरीत दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात. गावाचा स्वतंत्र हिशोब पाहायचा तर ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीकडे, म्हणजे नमुना ८ कडे, किंवा एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीकडे वळावे लागते.

मर्यादा

बुलेटिन आणि त्याची भावंडे अर्थसंकल्पात जे छापले आहे त्यावर आधारलेली असतात. जे अर्थसंकल्पाबाहेर आहे ते त्यांतही उशिरा किंवा अपुरे येते. महाराष्ट्रात १९९६ मध्ये स्थापन झालेले कृष्णा खोरे विकास महामंडळ आणि त्याच वर्षीचे रस्ते विकास महामंडळ यांनी राज्याच्या हमीवर कर्जरोखे विकून धरणे व रस्ते बांधले. हे कर्ज राज्याच्या कर्जात दिसत नसे. हमी मात्र राज्याचीच होती. अशा आकस्मिक दायित्वांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी वेळोवेळी बोट ठेवले आहे आणि राज्यांच्या हमींवर रिझर्व्ह बँकेच्या तांत्रिक समितीनेही १९९९ मध्ये अहवाल दिला.

दुसरी मर्यादा प्रकाशकाच्या भूमिकेची आहे. महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी व्याजदर ठरवणारी संस्था आणि शासनाचे कर्ज शक्य तितक्या स्वस्तात विकणारी संस्था एकच असावी का, हा वाद जुना आहे. कर्जव्यवस्थापनासाठी स्वतंत्र संस्था स्थापण्याचा प्रस्ताव २०१५ च्या वित्त विधेयकात होता. तो मागे घेण्यात आला. शिवाय बँकेचा वार्षिक शिलकी नफा शासनाला जातो. २०१८-१९ साठी तो १,७६,०५१ कोटी रुपये होता आणि २०२४-२५ साठी २,६८,५९० कोटींवर गेला. ज्याच्या हिशोबाची समीक्षा करायची, त्याच्या उत्पन्नाचा एक मोठा स्रोत समीक्षक स्वतःच आहे.

अन्य नियतकालिकांशी तुलना

अमेरिकेत शासकीय वित्तावरील व्यावसायिक पत्रकारिता बाजाराच्या गरजेतून वाढली. न्यूयॉर्क येथे १८९१ मध्ये सुरू झालेले ‘द बाँड बायर’ हे दैनिक राज्ये आणि शहरे यांच्या कर्जरोख्यांना वाहिलेले आहे. रोखे विकत घेणारे हजारो गुंतवणूकदार हा त्याचा वाचकवर्ग. भारतात नगरपालिकांच्या रोख्यांची बाजारपेठच लहान राहिली. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे विकले तेव्हा ती देशपातळीवरची बातमी ठरली. खरेदीदार मोजके आणि बहुतांशी संस्थात्मक असल्याने अशा खास वृत्तपत्राला वाचकच नव्हता. ते काम मध्यवर्ती बँकेच्या मासिकाकडे आले.

बुलेटिनच्या आकड्यांवर टीका-टिप्पणी करण्याचे काम मुंबईतूनच निघणाऱ्या दुसऱ्या नियतकालिकाने केले. सचिन चौधरी यांनी १९४९ मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केले. १९६६ पासून ते ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नावाने निघते. त्याच्याशी संलग्न संशोधन प्रतिष्ठान १९९३ मध्ये स्थापन झाले आणि राज्यांच्या वित्तस्थितीच्या दीर्घ आकडेमालिका त्याने सिद्ध केल्या. मराठीत मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ हे त्रैमासिक अर्थशास्त्रीय लेखनाला वाहिलेले आहे. रिझर्व्ह बँकेच्या बुलेटिनची मराठी आवृत्ती मात्र निघत नाही. महसुली तूट, सुधारित अंदाज, आकस्मिक दायित्व या शब्दांशी मराठी विद्यार्थ्याची ओळख आजही बहुधा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून होते आणि मूळ तक्ते त्याला इंग्रजी किंवा हिंदीतच वाचावे लागतात.